ढोकेबाईंसमोर खोकताना

ढोकेबाई रस्त्यात भेटल्या की नमस्कार करायची पद्धत नव्हती. खोकायची होती.

सौंसरच्या बाजारात मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला तिथं येऊन महिनाही झाला नसेल. एक म्हातारी उकिडवी बसून वांगी निवडत होती. तेवढ्यात लुनावरून एक ठेंगणी, सावळी बाई आली. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, केस बरेच पांढरे. लुना बंद न करता नुसते पाय टेकवून तिनं म्हातारीला उभं केलं, पदराखालून तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाली, खोका. म्हातारीनं हातातलं वांगं न सोडता दोनदा खोकून दाखवलं. लुनावरच्या बाईनं डोळे मिटून घेतले होते. रेडिओवर लांबचं स्टेशन लावताना माणूस मिटतो, तसे. मग "बरं हाय" एवढंच बोलून ती निघून गेली. भाजीवाला वजन करत होता, तो करतच राहिला. मी घरी येऊन ह्यांना म्हणाले, इथली माणसं जरा वेगळीच दिसतात, आपण फार दिवस नको राहायला.

राहिलो सात-आठ वर्षं.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, कागलच्या बाजूचं. सातवीत वडिलांनी शाळेतून काढलं, तेव्हापासून किराण्याच्या यादीपलीकडं काही लिहिलेलं नाही. पण परवा धाकट्या सुनेच्या पोटाचं ऑपरेशन झालं. हर्नियाचंच. डॉक्टर तरुण होते, स्वभावानं चांगले. सगळं उत्तम झालंय, सहा महिन्यांनी एकदा दाखवा, म्हणाले. मी विचारलं, आणि तीन वर्षांनी? ते हसले आणि म्हणाले, आजी, तोवर तुम्ही विसरून जाल. त्या दिवसापासून ढोकेबाई डोक्यातून जाईनात, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. ह्यांना बोरगावच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही सौंसरात खोली घेतली. राज्य मध्यप्रदेश, पाट्या हिंदी, आणि माणसं मराठी बोलणारी. पण ती मराठी अशी की पहिले काही दिवस मी नुसती मान हलवायची. "काय करून राहिली वं?" असं शेजारणीनं विचारलं की मला वाटायचं, मी कुठं राहिले ते विचारतेय. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. तिच्या वेळचं बाळंतपण माहेरी झालं होतं, पोट फाडून. सौंसरात आल्यावर एक दिवस पाण्याची बादली उचलताना त्या व्रणाशी काहीतरी फुगलं. निजलं की आत जायचं, उभं राहिलं की बाहेर. आधी लिंबाएवढं होतं, मग वाढत गेलं.

आमच्या शेजारी तुळसाबाई राहायची. मूळची पांढुर्ण्याची, नदीपलीकडच्या सावरगावची. संत्र्याच्या पॅकिंगला जायची, संत्री हातात घेऊन लहानमोठी वेगळी करायची. मी लाजत लाजत तिला गाठ दाखवली. तिनं ती तिच्या कामातल्या सवयीनं बघितली आणि सांगितलं, अजून हिरवी हाय, पिकाच्या पहिले दाखव.

ह्यांनी आधी कारखान्याच्या ओळखीनं एका डॉक्टरांना विचारलं होतं. आतडं त्या भोकात अडकलं तर नागपूरला पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही, असं ते म्हणाले. ते ऐकल्यापासून मी शिंकायला घाबरू लागले. रात्री हात पोटावर ठेवून झोपायची. सगळ्यांत वाईट हे, की मुलीला उचलणं बंद केलं. ती दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभी राहायची, मी खाली बसून तिला जवळ घ्यायची, पण तिला ते नको असायचं. तिला वर यायचं असायचं. आई चारशे कोसांवर, आणि आपलं काही झालं तर ही पोर कुणाच्या कडेवर जाणार, एवढाच एक विचार तेव्हा मला यायचा.

तर तुळसाबाईनं मला ढोकेबाईंकडं नेलं, आणि बघते तो लुनावरची तीच बाई.

डॉ. विमल ढोके. नागपूरला शिकून सर्जन झालेल्या. वडील रेल्वेत गँगमन होते, पांढुर्ण्याच्या क्वार्टरमध्येच बाई वाढल्या. त्या काळात बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, असंच लोकांना ठाऊक. ही बाई पोट फाडून आतडी जागेवर ठेवते, पुरुषांचीसुद्धा, हे गावातल्या बऱ्याच जणांना पचत नव्हतं. पानठेल्यावर बसणारे म्हणायचे की स्वेटर विणणारीनं स्वेटर विणावं. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, खरं हाय, मले स्वेटर येतच नाही.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांनी घर भाड्यानं घेतलं होतं. खाली सहा खाटा आणि ऑपरेशनची खोली, वर त्या आणि म्हातारे वडील. अंगणात कडुनिंब, त्याखाली एक लांब बाक. औजारांच्या कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती. बुद्धपौर्णिमेला त्या पातेलंभर खीर करून प्रत्येक खाटेवर वाटायच्या. दुसऱ्या दिवशी ज्याचं ऑपरेशन असेल त्याला फार देता यायची नाही, म्हणून त्याच्या नावची वाटी झाकून ठेवायच्या, आणि ती उन्हाळ्याच्या दिवसांत नासली की स्वतःच दिवसभर हळहळायच्या. मंगळवारी पांढुर्ण्याला एका खोलीत पेशंट बघायला जायच्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं नदीवर गोटमार असते. दोन गावं एकमेकांवर दगड मारतात आणि डोकी फुटतात. त्या दिवशी टाके घालायला बाई सकाळपासून जाऊन बसायच्या. म्हणायच्या, हर्निया बिचारा न सांगता येते, हे डोके तं मुहूर्त पाहून येतात.

त्यांचं एक ठरलेलं होतं. ऑपरेशन होऊन माणूस घरी निघाला की घरची मंडळी पेढे घेऊन यायची. बाई हात लावायच्या नाहीत. "सहा महिन्याचं सुख मले सांगू नका," म्हणायच्या, "तीन वर्षानं आणा." लोकांना वाटायचं, ही बाई गर्विष्ठ आहे. पण त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पोट शिवल्यावर पहिले काही महिने सगळ्यांचंच चांगलं असतं, कारण तेव्हा धागा धरून असतो. धाग्याचं काम संपल्यावर काय होतं, ते बघायला कुणी थांबत नाही. त्या थांबायच्या. म्हणून तर बाजारात, बसमध्ये, लग्नात, जिथं जुना पेशंट दिसेल तिथं त्याला खोकायला लावायच्या. लोधीखेड्याच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या आईला मांडवाच्या पडद्यामागं नेऊन खोकवलं आणि मगच अक्षता टाकल्या, असं तुळसाबाई सांगायची.

ह्या तपासणीला लोक बिचकायचे, तरी यायचे. जुन्या पेशंटांचा दिवस शुक्रवार, त्या दिवशी तो बाक भरलेला असायचा. एकदा एक शेतकरी कापूस वेचणीच्या घाईत होता म्हणून त्यानं आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवलं. भाऊ रीतसर रांगेत बसला, नंबर आला तसा आत जाऊन निजला, खोकला. बाईंनी सगळं पोट शोधलं, व्रण कुठंच नाही. विचारलं तर म्हणाला, दादाले वेळ नव्हता, आन् आमची अंगकाठी सारखीच हाय, म्हणून त्यानं मले धाडलं. बाई म्हणाल्या, "बाबू, तुह्यं पोट लय चांगलं हाय, पण मी ते शिवलं नाही." त्याला चहा पाजला आणि दादाला बोलावणं धाडलं. तो जाताना दारातून वळून म्हणाला, मंग दादाले काय सांगू, चांगलं हाय म्हणू? आम्ही सगळे किती दिवस ह्यावर हसत होतो. त्यात हसण्यापलीकडचं काही आहे, हे तेव्हा बाईंच्याही लक्षात आलं नसावं.

आता जाळीचं सांगते, कारण माझं सगळं तिच्यावरच अडलं होतं.

पोटाचं भोक मोठं असेल तर नुसत्या टाक्यांनी भागत नाही, वरून जाळीचं ठिगळ लावावं लागतं. तेव्हा जी जाळी मिळायची ती नायलॉनसारखी, जन्मभर आत राहणारी. बाईंच्या एका पेशंटला त्या जाळीला पू झाला. जाळी काढावी लागली, आणि मग वर्षभर रोज त्या स्वतः तिची मलमपट्टी करत होत्या. तरण्या पोरीच्या पोटात परकी वस्तू कायमची ठेवायची, पुढं तिला दिवस जाणार, पोट ताणणार, हे तेव्हापासून त्यांच्या मनाला लागून राहिलं. त्यांची कॉलेजातली एक मैत्रीण परदेशात होती. तिनं सुटीत येताना नवी जाळी आणून दिली. पांढरी, मऊ, मच्छरदाणीच्या कापडासारखी. ही दोन-तीन महिन्यांत अंगातच विरघळून जाते, मागं काही उरत नाही. बाईंनी ती ज्यांना गरज होती अशा बायकांना घातली. पैसे घेतले नाहीत.

मला समजावताना त्यांनी संत्र्याचं उदाहरण दिलं. कलम करताना जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात आणि वरून केळीच्या सोपटानं, वाळक्या सालीनं, बांधतात. सोपट काही दिवसांत सडून गळून जातं, तोवर डोळा खुंटाला धरलेला असतो. "तसंच हाय," त्या म्हणाल्या, "जाळी चालली जाईन, मंग तुह्यं मांस तुलेच धरून ठेवीन." मला ते फार पटलं. आपल्यात काहीच परकं उरणार नाही, ह्या कल्पनेनंच बरं वाटलं. आणि ज्यांना ही जाळी घालून दोन-तीन वर्षं झाली होती, त्या बायका दर शुक्रवारी येऊन खोकून दाखवत होत्या. तुळसाबाई त्यांतलीच. सगळ्यांचं ठीक होतं. बाईंनी नागपूरच्या डॉक्टरांच्या सभेत तसं सांगितलंही होतं. मैत्रिणीनं आणखी पाकिटं पाठवली, आणि त्यांतलं पहिलं माझ्यासाठी ठेवलं होतं.

ऑपरेशनचा दिवस शुक्रवारच होता. मी उपाशीपोटी बाकाच्या टोकाला बसले होते. मुलीला ह्यांच्याकडं ठेवलं होतं. शेजारी तपासणीच्या बायका. एक नवीन होती, पहिल्यांदाच दाखवायला आलेली, आणि तुळसाबाई तिला शिकवत होती. आवाज मोठा काढायचा, पोट आत ओढून धरायचं, आणि खोकला गळ्यातूनच काढायचा, पोटापर्यंत जाऊ द्यायचा नाही. बाकीच्या बायका माना हलवत होत्या. एकीनं करूनही दाखवलं. मला वाटलं, हे पथ्य असणार. ओझं उचलू नये, तिखट खाऊ नये, तसंच हे. घाबरलेल्या माणसाला पथ्याचा फार आधार वाटतो. मी मनातल्या मनात गळ्यातून खोकायचा सराव करत बसले.

आत नेलं तेव्हा बाई हात धूत होत्या. टेबलावर घेण्याआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, काही विचाराचं हाय का म्हणून. लोक नाही म्हणायचे. मी म्हणाले, एकच विचारायचं आहे. ऑपरेशननंतर खोकला गळ्यातूनच काढायचा ना, पोटापर्यंत जाऊ द्यायचा नाही?

बाईंचे हात नळाखाली थांबले. पाणी पडतच होतं.

"कोण सांगून राहिलं तुले?"

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. मी म्हणाले, बाहेर सगळ्याच सांगत होत्या. बाईंनी कोपरानं नळ बंद केला. मग नर्सबाईंना म्हणाल्या, हिले चहा द्या. ऑपरेशनच्या माणसाला चहा देत नाहीत, एवढं मला समजत होतं. मी चहाचा कप घेऊन परत बाकावर आले.

त्यांनी एकेकीला आत बोलावलं. दार पुढं केलेलं होतं, तरी ऐकू येत होतं. निजा, डोकं उचला, हात बाजूला, आता खोका. गळ्यातून नको, पोटातून. आणि मग खरा खोकला ऐकू यायचा. आजवर त्या अंगणात मी जे खोकणं ऐकलं होतं ते आणि हे, ह्यांत किती फरक होता ते तेव्हा कळलं. प्रत्येक बाई बाहेर येऊन माझ्याकडं न बघता बसायची. शेवटी तुळसाबाई गेली. तिच्या लुगड्याखाली जुन्या पातळाची पट्टी आवळून बांधलेली होती.

अर्ध्याहून जास्त जणींची गाठ परत आलेली होती. कुणाची वर्षानं, कुणाची दोन वर्षांनी. जाळी ठरल्याप्रमाणं विरघळून गेली होती, आणि तिच्या जागी जे धरायला हवं होतं ते पुरेसं धरलं नव्हतं. टाका घट्ट होता, हातात कसब होतं. चूक कुठं दाखवावी, तर ती दाखवायलाही येत नव्हती. नुसता काळ गेला होता.

बाई बाहेर आल्या आणि बायकांच्या मधे बाकावर बसल्या. आधी कधी तिथं बसल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, काहून?

तुळसाबाई म्हणाली, "तुमी एवढ्या दूरून जाळी बोलावली. पैसा घेतला नाही. आन् बाप्ये तं टपूनच बसले होते, का बाईचं शिवलेलं उसवते कवा. आमी कोण्या तोंडानं सांगाव का उसवलं म्हणून?"

"माह्यं नाव राखाले तुमी पोट फाटू देल्लं," बाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. त्या तसं म्हणाल्या आणि आपले दोन्ही तळहात उलटे करून बघत राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या की मलेही समजाले पाहिजे होतं, हात तं माह्याच होता, पण मलेही चांगलंच ऐकाचं होतं. वरच्या गॅलरीतून त्यांचे वडील सगळं ऐकत असावेत. त्यांनी खाली ओरडून विचारलं, सगळ्याइले चहा टाकू का. त्या दिवशी त्या म्हाताऱ्यानं आम्हा सगळ्यांना चहा करून पाजला, आणि त्यात साखर घालायची विसरला. कुणी बोललं नाही. बाई मात्र कप खाली ठेवून म्हणाल्या, "पाहा, हेही कोणी सांगणार नाही."

तेव्हा पहिल्यांदा बायका हसल्या.

त्याच संध्याकाळी बाईंनी नियम बदलला. शुक्रवारी ज्याचं बिघडलंय त्याचा नंबर पहिला. ज्याचं चांगलं आहे त्यानं मागून यायचं. ऐकायला साधं वाटतं, पण त्यानं फार फरक पडला. दोन तास बसण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं, असं लोकांना वाटू लागलं.

पुढच्या सभेला त्या नागपूरला गेल्या. आधी जे सांगितलं होतं ते टिकलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगायचं होतं. ती बातमी पानठेल्यापर्यंत पोचणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि पोचलीच. काही पेशंट कमीही झाले. परत आल्यावर तुळसाबाईनं भीत भीत विचारलं, काय झालं तिथं. बाई म्हणाल्या, उभी राहिली, सांगितलं, बसली, चहा बरा होता. शिल्लक पाकिटं त्यांनी मैत्रिणीकडं परत धाडली. मला म्हणाल्या की संत्र्याचं उदाहरण मी चुकीचं देल्लं होतं. सोपट सडते तरी झाड रोज वाढून राहिलं असते, पोट रोज ताणून राहिलं असते.

एक बाई मात्र सापडत नव्हती. लोधीखेड्याची अंजनाबाई. जाळी घातल्यावर ती पहिल्या वर्षी आली, मग आलीच नाही. बाईंना चैन पडेना. तुळसाबाईला लुनावर मागं बसवून त्या तिला शोधायला गेल्या. तुळसाबाईनं हे मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं होते असंच वाटतं. अंजनाबाई एका बगिच्यात शिडीवर चढून संत्री तोडत होती. बाईंना बघून ती घाबरली, खाली उतरली, आणि झाडाखालच्या पोत्यावर निजून पोटातून खोकली. बाईंनी दोनदा खोकवलं, तीनदा खोकवलं. पोट दगडासारखं घट्ट. तुळसाबाईला एवढा आनंद झाला की ती म्हणाली, बाई, पाहा, टिकली ना, उगाच परत धाडली तुमी जाळी.

बाई म्हणाल्या, "हिची टिकली. काहून टिकली ते मले माहीत नाही. ते माहीत होत नाही तवरिक तुह्या पोटात मी जाळी परत टाकणार नाही."

येताना अंजनाबाईनं पदरात घालून दिलेली संत्री तुळसाबाईनं आणली होती. त्यांतली दोन मला दिली. हे विशेष, कारण त्या शुक्रवारनंतर बरेच दिवस बाकावरच्या बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. नळावर मी दिसले की तुळसाबाई दुसरीला सांगायची, हळू बोल वं, कोल्हापूर ऐकून राहिलं. मी रडकुंडीला यायची. मी काही चहाडी केली नव्हती, विचारलं होतं नुसतं. पण परक्या गावात असं कुणाला समजावणार. ती दोन संत्री हातात पडली तेव्हा मी ती सोलली नाही, दोन दिवस कोनाड्यात नुसती ठेवली.

आधी तुळसाबाईचं ऑपरेशन झालं, मग इतरांचं, मग माझं. बाईंनी कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत. ह्या वेळी जुनी, न विरघळणारी जाळी. मला त्यांनी सरळ सांगितलं की हिले पू होऊ शकते, तसं झालं तं मी हाय. टिकंल अशी खात्री देत नाही, पाहत राहीन अशी देतो. देते म्हणायच्या जागी त्या देतो म्हणायच्या, वडिलांसारखं.

पाहत राहिल्या. टाके निघाले, महिने गेले, आणि एक दिवस बाजारात लुना माझ्यापाशी येऊन थांबली. मुलगी माझ्या बोटाला होती, हेही बरोबर होते. बाईंनी तळहात ठेवला, खोकवलं, डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून मुलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, हिले उचल. मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी बाईंकडं बघितलं. मी वाकले आणि मुलीला उचललं. मधल्या काळात ती केवढी जड झाली होती. "आता खोक," बाई म्हणाल्या. मुलगी कडेवर, बाईंचा हात पोटावर, भर बाजारात मी खोकले, आणि मुलीला वाटलं हा खेळ आहे, म्हणून तीही खोकली.

पेढे मी तीन वर्षांनी नेले. बाईंनी एक खाल्ला, एक वडिलांना दिला, आणि उरलेले बाकावर वाटायला सांगितले. ज्यांचं बिघडलंय त्यांना आधी.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा ह्यांना इचलकरंजीत काम मिळालं. घरी परत जायचं म्हणून मी आनंदात असायला हवं होतं. सामान बांधताना मात्र सारखं रडू येत होतं. निघायच्या दिवशी सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस लागली होती. हे टपावर ट्रंक बांधत होते. तुळसाबाई खिडकीखाली उभी राहून मला परत परत सांगत होती की संत्री आजच खाजो, उद्या नासतीन. मुलगी माझ्या शेजारी.

बाई पांढुर्ण्याला निघाल्या होत्या, मंगळवार होता. मला बघून त्यांनी लुना वळवली. त्या ठेंगण्या, बसची खिडकी उंच. हात वर केला तो गजापर्यंतही पोचेना. म्हणून त्यांनी माझ्या खिडकीखालच्या पत्र्यावर तळहात सपाट ठेवला आणि डोळे मिटले.

"खोक, कोल्हापूर."

मी खोकले. पोटातून. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी खोकलं. मी वळून बघितलं तर एक अनोळखी म्हातारी, पदर सावरत, गंभीर चेहऱ्यानं. मग ड्रायव्हरच्या पाठीमागचा एक शेतकरी खोकला. खाली उभी असलेली तुळसाबाई खोकली, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांत मोठ्यानं. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला आणि म्हणाला, काय बाप्पा, गाडीत साथ आली का?

बाई हसल्या नाहीत. डोळे मिटूनच होत्या. शेवटचा खोकला थांबेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

घंटी वाजली. बस निघाली तरी त्यांचा तळहात पत्र्यावरच होता, आणि पत्रा त्या हाताखालून हळूहळू पुढं सरकत गेला.